मधल्या जागेचे मानकरी : विल्यम हेन्री लुईस

कोणत्याही समाजाच्या उत्कर्षाचा इतिहास लिहिताना लेखणी सहजच अग्रस्थानी बसलेल्या पुरुषांकडे वळते. संस्थापक, अध्यक्ष, संघनायक यांची चरित्रे लिहिली जातात. त्यांच्या तसबिरी सभागृहात लागतात. त्यांच्या शेजारी उभे राहून ज्यांनी प्रत्यक्ष काम तडीस नेले, त्या साहाय्यकांची नोंद मात्र बहुधा अहवालातील आभारप्रदर्शनाच्या एखाद्या ओळीपुरतीच उरते. प्रस्तुत लेखात अशाच एका साहाय्यकाचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. हे गृहस्थ अमेरिकेतील. त्यांचे नाव विल्यम हेन्री लुईस. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईबापांच्या पोटी ते जन्मले, महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये राष्ट्रीय कीर्तीचे खेळाडू झाले, हार्वर्ड विद्यापीठाच्या संघाचे बारा हंगाम साहाय्यक प्रशिक्षक राहिले, आणि पुढे कायद्याच्या क्षेत्रात त्यांच्या वंशातील कोणाही माणसाला तोवर न लाभलेले पद त्यांनी मिळविले. गुणांच्या बळावर मिळालेली जागा जन्माकडे बोट दाखवून परत मागितली जाते तेव्हा माणसाने काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर या चरित्रात आहे. आणि तो प्रश्न आपल्या देशातील कोणत्याही ज्ञातीला परका नाही.

जन्म व शिक्षण

लुईस यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८६८ रोजी व्हर्जिनिया राज्यातील बर्कली या गावी झाला. हे गाव पुढे नॉरफोक शहरात समाविष्ट झाले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून व गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा अवघी तीन वर्षे लोटली होती. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदावी दुरुस्ती अमलात आली आणि त्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येकाला, त्याचा वर्ण कोणताही असो, नागरिकत्व मिळाले. लुईस यांचे आईवडील गुलाम म्हणून जन्मले होते. मुलगा मात्र नागरिक म्हणून जन्मला. वडील पुढे बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. घरात संपत्ती नव्हती, परंतु अक्षरांविषयी आदर होता.

या मुक्तीच्या वार्तेचे पडसाद आपल्या महाराष्ट्रातही उमटले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली जात होती, तेव्हा व्हर्जिनियातील हे बालक चारपाच वर्षांचे होते. मुक्ती कागदावर आली. ती अंगणात, शाळेत, मैदानात आणि न्यायालयात कशी उतरते, हे पाहावयाचे असेल तर लुईस यांच्यासारख्या एका आयुष्याचा मागोवा घ्यावा लागतो.

व्हर्जिनियातील पीटर्सबर्ग येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी राज्याने १८८२ साली एक शिक्षणसंस्था स्थापन केली होती. जॉन मर्सर लँगस्टन हे नामांकित कृष्णवर्णीय कायदेपंडित १८८५ पासून दोन वर्षे तिचे प्रमुख होते. लुईस तेथे शिकले आणि लँगस्टन यांच्या नजरेत भरले. हुशार विद्यार्थी पाहून कौतुकाचे चार शब्द बोलणारे पुष्कळ असतात. त्याला पुढच्या पायरीवर नेऊन पोहोचविणारे थोडे. लँगस्टन हे त्या थोड्यांपैकी होते. त्यांच्या साहाय्याने लुईस १८८८ साली उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयात दाखल झाले. तेथे वाढप्याचे काम करून त्यांनी आपल्या शिक्षणाचा खर्च भागविला. त्यांच्याबरोबर विल्यम टेकम्से शर्मन जॅक्सन व जॉर्ज वॉशिंग्टन फोर्ब्स हे आणखी दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. जॅक्सन हेही महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात खेळत.

मैदानावरील कीर्ती

येथे खेळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. त्यातील चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक वाहून नेला जातो. अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ एकमेकांसमोर फळी धरून उभे राहतात. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाने त्या काळच्या नियमांप्रमाणे तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकावयाचे. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या ताब्यात जावयाचा. आघाडीच्या फळीच्या बरोबर मध्यभागी जो उभा असतो त्याला 'सेंटर' म्हणतात. डाव त्याच्या हातून सुरू होतो. चेंडू मागे देऊन त्याच क्षणी समोरून अंगावर येणारा भार त्याने छातीवर झेलावयाचा असतो. प्रेक्षकांच्या टाळ्या चेंडू घेऊन धावणाऱ्याला मिळतात. सेंटरच्या वाट्याला बहुधा धूळच येते. परंतु तो मागे रेटला गेला, तर साऱ्या संघाची फळी फुटते.

लुईस हे सेंटर म्हणून नावारूपास आले. त्यांचे वजन सुमारे १७५ पौंड, म्हणजे त्या जागेसाठी कमीच होते. अंगबळाची उणीव चपळाईने आणि प्रतिपक्षाचा डाव आधी ओळखण्याच्या बुद्धीने त्यांनी भरून काढली. अ‍ॅमहर्स्टच्या संघातून ते तीन हंगाम खेळले आणि १८९१ च्या हंगामासाठी सहखेळाडूंनी त्यांना कर्णधार निवडले. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात, गोऱ्या खेळाडूंनी आपल्या मतांनी एका मुक्त गुलामाच्या मुलाला नायक करावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. वक्तृत्वातही त्यांनी पारितोषिके मिळविली, आणि १८९२ च्या पदवीदान प्रसंगी वर्गाचा वक्ता होण्याचा मान त्यांना मिळाला. त्या समारंभाला उपस्थित राहण्यासाठी हार्वर्डमधून एक तरुण कृष्णवर्णीय विद्यार्थी मुद्दाम आला होता. त्याचे नाव डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस. हेच पुढे त्या समाजाचे अग्रगण्य विचारवंत झाले.

पदवी घेतल्यावर लुईस हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयात गेले. कायद्याच्या विद्यार्थ्यानेही विद्यापीठाच्या संघातून खेळावे, अशी मुभा तेव्हाच्या नियमांत होती. १८९२ व १८९३ असे दोन हंगाम ते हार्वर्डचे सेंटर होते. नोव्हेंबर १८९२ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे येल विद्यापीठाविरुद्ध झालेला सामना त्या खेळाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. स्वतः कधीही फुटबॉल न खेळलेले, परंतु बुद्धिबळाचे व नेपोलियनच्या युद्धशास्त्राचे अभ्यासक असलेले लोरिन डीलँड यांनी हार्वर्डसाठी एक नवा व्यूह रचला होता. खेळाडूंच्या दोन तुकड्यांनी दोन बाजूंनी धावत येऊन पाचरीसारखा आकार घ्यावयाचा आणि चेंडू नेणाऱ्याला त्या पाचरीच्या आड पुढे न्यावयाचे, अशी ती योजना होती. दुसऱ्या डावाच्या आरंभी हा व्यूह प्रथमच मैदानात आला. सामना येलने ६-० असा जिंकला. व्यूह मात्र इतका घातक ठरला की १८९४ साली तो नियमबाह्य करण्यात आला. युद्धशास्त्र आणि खेळ यांचा असा संगम लुईस यांनी खेळाडू म्हणून फळीतून पाहिला, आणि त्याचा उपयोग त्यांना पुढे झाला.

येलचे वॉल्टर कॅम्प हे त्या काळी अमेरिकन फुटबॉलचे सर्वमान्य अधिकारी पुरुष. ते दरवर्षी साऱ्या देशातील उत्तम अकरा खेळाडूंची नावे प्रसिद्ध करीत. या 'ऑल-अमेरिका' संघात १८९२ व १८९३ या दोन्ही वर्षी सेंटर म्हणून लुईस यांची निवड झाली. हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. त्यांच्यानंतर कॅम्प यांच्या पहिल्या संघात दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू, ब्राउन विद्यापीठाचे फ्रिट्झ पोलार्ड, येण्यास १९१६ साल उजाडावे लागले. १८९३ च्या हंगामातील अखेरच्या सामन्यात हार्वर्डचे कर्णधारपदही लुईस यांनी सांभाळले.

केशकर्तनालयाचा प्रसंग

कीर्तीच्या या शिखरावर असतानाच, १८९३ साली, केंब्रिज गावातील एका केशकर्तनालयात लुईस यांची दाढी करण्यास नकार मिळाला. कारण एकच, त्वचेचा रंग. आदल्या शनिवारी ज्याच्या नावाने मैदान दुमदुमले, त्याला सोमवारी वस्तऱ्याखाली बसण्याची योग्यता उरू नये, ही स्थिती विचार करण्याजोगी आहे. मैदानावरचा मान मैदानाच्या कुंपणापाशी संपतो, हा अनुभव साऱ्या जगातील उपेक्षित समाजांच्या खेळाडूंनी घेतला आहे.

लुईस यांनी या प्रसंगी हाणामारी केली नाही, आणि अपमान गिळून ते स्वस्थही बसले नाहीत. मॅसॅच्युसेट्स राज्यात १८६५ पासून सार्वजनिक ठिकाणी वर्णभेदास बंदी करणारा कायदा होता. परंतु त्याच्या शब्दांत केशकर्तनालयाचा स्पष्ट समावेश नव्हता. लुईस यांनी बॉस्टनचे कृष्णवर्णीय वकील बटलर विल्सन यांच्यासह राज्याच्या विधिमंडळापुढे हा विषय नेला, आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन केशकर्तनालये त्याच्या कक्षेत आली. कायद्याचा विद्यार्थी असलेल्या तरुणाने आपल्या एकट्याच्या अपमानाचे असे सर्वांच्या संरक्षणात रूपांतर केले. त्यांच्या पुढील आयुष्याची रीत या एका प्रसंगात दिसते.

साहाय्यक प्रशिक्षक

१८९५ साली लुईस कायद्याचे पदवीधर झाले. त्यांनी बॉस्टनमध्ये वकिली सुरू केली, आणि त्याच वर्षी हार्वर्डने त्यांना फुटबॉल संघाचे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून बोलाविले. १८९५ ते १९०६ असे बारा हंगाम त्यांनी हे काम केले. पूर्व किनाऱ्यावरील मोठ्या विद्यापीठांत तेव्हा अशी प्रथा होती की संघातून खेळून गेलेल्या पदवीधरांनी हंगामात परत यावे आणि नव्या खेळाडूंना शिकवावे. मुख्य प्रशिक्षकाचे पद वारंवार एकाकडून दुसऱ्याकडे जाई. लुईस यांच्या बारा हंगामांत एमन्स, वॉटर्स, फोर्ब्स, डिब्ली, रीड, फार्ली, क्रॅन्स्टन व राइटिंग्टन अशा आठ जणांनी मुख्य प्रशिक्षकपद भूषविले, आणि रीड तर दोनदा त्या पदावर आले. आठ प्रमुख आले व गेले. साहाय्यक तोच राहिला.

लुईस यांच्याकडे विशेषतः फळीतील खेळाडू आणि बचावाची बाजू असे. प्रतिपक्षाच्या डावांचा बारकाईने अभ्यास करावा, त्यातील कच्चा दुवा शोधावा आणि आपल्या फळीतील प्रत्येकाला त्याचे नेमके काम सांगावे, ही त्यांची विद्या. या काळात हार्वर्डने जे यश मिळविले ते नावाजलेले आहे. १८९८ च्या हंगामात त्यांनी अकराच्या अकरा सामने जिंकले आणि येलला १७-० असे हरविले. १८९९ मध्ये ते अपराजित राहिले; येलशी झालेला सामना ०-० असा बरोबरीत सुटला. १९०० मध्ये येलकडून २८-० असा मोठा पराभव पत्करावा लागला. पण पुढच्याच वर्षी बारा सामन्यांत बारा विजय आणि येलवर २२-० अशी मात. यशाचे श्रेय सर्वांचे असते आणि ते मोजून वाटता येत नाही. इतके मात्र निश्चित की या साऱ्या चढउतारांत संघाची विद्या एका हंगामातून दुसऱ्या हंगामाकडे पोहोचविणारा एक दुवा म्हणजे लुईस.

त्यांनी ही विद्या स्वतःजवळ लपवून ठेवली नाही. १८९६ साली न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने त्यांचे 'अ प्रायमर ऑफ कॉलेज फुटबॉल' हे पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकन फुटबॉलवर एका कृष्णवर्णीय लेखकाने लिहिलेले ते पहिले पुस्तक. चेंडू देणे, झेलणे, अडविणे, पाडणे या मूलभूत गोष्टींपासून आरंभ करून एकेका जागेचे कर्तव्य आणि मग साऱ्या संघाचा मेळ, अशी त्याची दृष्टी होती. आपल्याकडील जुने वस्ताद शेवटचा पेच शिष्याला शिकवीत नसत, असे म्हणतात. लुईस यांनी आपले पेच छापून काढले आणि जो वाचील त्याच्या हाती दिले. ज्याच्या आईबापांच्या काळात व्हर्जिनियात गुलामाला लिहावाचावयास शिकविणाऱ्या शाळांना कायद्याने मनाई होती, त्याने देशातील महाविद्यालयीन तरुणांसाठी पाठ्यपुस्तक लिहावे, यातील अर्थ वाचकांना वेगळा सांगावयास नको.

लुईस हे कधीही हार्वर्डचे मुख्य प्रशिक्षक झाले नाहीत. तथापि त्यांच्या पिढीनंतरच्यांना ती वाट थोडी मोकळी झाली. डार्टमथ महाविद्यालयाचे कृष्णवर्णीय खेळाडू मॅथ्यू बुलक हे १९०४ साली मॅसॅच्युसेट्स कृषी महाविद्यालयाच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तेही पुढे हार्वर्डमधून कायद्याचे पदवीधर झाले, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. फुटबॉल ही शिडी आणि कायदा हे घर, असे या दोघांच्या आयुष्याचे गणित दिसते.

लुईस यांच्या प्रशिक्षणकालाचा शेवट खेळावरील मोठ्या संकटाच्या काळात झाला. १९०५ च्या हंगामात मैदानावर झालेल्या मृत्यूंमुळे देश हादरला; 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्राने असे १८ मृत्यू मोजले. हार्वर्डचे अध्यक्ष एलियट हे तर या खेळाचे कट्टर विरोधक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याची सूचना केली. हार्वर्डचे मुख्य प्रशिक्षक बिल रीड त्या बैठकीस होते. रीड यांनी त्या हंगामाची रोजनिशी लिहिली होती. ती १९९४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि तीत लुईस यांचे नाव वारंवार भेटते. १९०६ मध्ये नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली, दोन फळ्यांमध्ये मोकळी जागा आली, आणि पाचांऐवजी दहा यार्डांची अट आली. नव्या नियमांचा पहिला हंगाम पार पाडून लुईस यांनी मैदानाचा निरोप घेतला.

सार्वजनिक जीवन

प्रशिक्षणाचे काम हे वर्षातील काही महिन्यांचे. उरलेल्या काळात लुईस वकिली व लोकसेवा करीत. १८९६ साली त्यांचा विवाह वेलस्ली महाविद्यालयात शिकलेल्या एलिझाबेथ बेकर यांच्याशी झाला. १८९९ पासून तीन वर्षे ते केंब्रिजच्या नगरसभेचे सदस्य होते. १९०२ साली ते राज्याच्या विधिमंडळात गेले. पुढील निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. रूझवेल्ट हे स्वतः हार्वर्डचे माजी विद्यार्थी व फुटबॉलचे चाहते. त्यांचा लुईस यांच्याशी परिचय होता. त्यांच्या पुढाकाराने १९०३ साली लुईस यांची बॉस्टन येथे साहाय्यक सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली. ते काम सांभाळून ते आणखी चार हंगाम मैदानावर जात राहिले.

इतिहासलेखनात केवळ स्तुती करून भागत नाही. लुईस यांच्या राजकीय भूमिकेवर त्यांच्याच समाजातून कठोर टीका झाली, हेही सांगितले पाहिजे. त्या काळी कृष्णवर्णीय समाजात दोन पक्ष पडले होते. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे म्हणणे असे की प्रथम उद्योग व धंदेशिक्षण साधावे, राजकीय हक्कांचा आग्रह तूर्त मागे ठेवावा. बॉस्टनमधील सुशिक्षित तरुणांना हे मान्य नव्हते. लुईस आरंभी या विरोधकांत होते. पुढे ते वॉशिंग्टन यांच्या बाजूस गेले. ३० जुलै १९०३ रोजी बॉस्टनमधील एका चर्चमध्ये वॉशिंग्टन यांची सभा झाली, तिचे अध्यक्ष लुईस होते. 'गार्डियन' पत्राचे संपादक मन्रो ट्रॉटर यांनी तेथे उभे राहून प्रश्न विचारण्याचा यत्न केला, गोंधळ माजला, आणि ट्रॉटर यांना तीस दिवसांचा तुरुंगवास घडला. हे पत्र ट्रॉटर यांच्यासह ज्यांनी स्थापिले ते जॉर्ज फोर्ब्स म्हणजे लुईस यांचे अ‍ॅमहर्स्टमधील सहाध्यायी. एकाच वर्गातून निघालेले दोन मित्र समाजहिताच्या दोन वाटांवर एकमेकांसमोर उभे राहिले. सरकारी पदासाठी लुईस यांनी भूमिका बदलली असा आक्षेप विरोधकांनी घेतला. पदाचा उपयोग त्यांनी कसा केला, हे मात्र पुढील प्रसंगावरून ठरवावे.

बार असोसिएशनचा वाद

ऑक्टोबर १९१० मध्ये राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी लुईस यांना संघराज्याचे साहाय्यक अ‍ॅटर्नी जनरल नेमण्याचा मनोदय प्रकट केला. दक्षिणेकडील सिनेटरांचा विरोध झाला. तथापि १९११ च्या जूनमध्ये सिनेटने नेमणुकीस संमती दिली. अमेरिकेच्या शासनयंत्रणेत एवढ्या वरच्या पदावर तोवर कोणीही कृष्णवर्णीय मनुष्य पोहोचला नव्हता.

त्याच वर्षी अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या राष्ट्रीय संस्थेने लुईस यांना सदस्यत्व दिले. ते कृष्णवर्णीय आहेत असे ध्यानात येताच दक्षिणेकडील सदस्यांनी ओरड केली, आणि जानेवारी १९१२ मध्ये संस्थेच्या कार्यकारी समितीने ही निवड रद्द केल्याचे जाहीर केले. विद्वत्तेविषयी तक्रार नव्हती, आचरणाविषयी तक्रार नव्हती. तक्रार जन्माविषयी होती. त्यांच्याबरोबर बटलर विल्सन व मिनिॲपोलिसचे विल्यम मॉरिस या दोन कृष्णवर्णीय वकिलांच्या सदस्यत्वाचाही प्रश्न निघाला. लुईस यांनी आपणहून राजीनामा द्यावा, म्हणजे वाद मिटेल, असे सुचविले गेले. त्यांनी राजीनामा देण्याचे साफ नाकारले.

या वेळी त्यांचे वरिष्ठ, अ‍ॅटर्नी जनरल जॉर्ज विकरशॅम, त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी संस्थेच्या सुमारे ४,७०० सदस्यांना पत्र पाठवून समितीच्या कृतीचा निषेध केला. त्या संस्थेचे माजी अध्यक्ष मूरफील्ड स्टोरी यांनीही हा लढा नेटाने चालविला. अखेर १९१२ च्या ऑगस्टमध्ये मिलवॉकी येथील वार्षिक अधिवेशनात तडजोड झाली. तिघांचे सदस्यत्व कायम राहिले. परंतु यापुढे प्रत्येक अर्जदाराचा वंश अर्जात नमूद करावा, असाही ठराव झाला. म्हणजे जे आत आले होते त्यांना बाहेर काढता आले नाही, पण त्यांच्यामागे दार ओढून घेतले गेले. ते दार उघडण्यास १९४३ साल यावे लागले. त्या वर्षी वंशाचा विचार न करता सदस्यत्व देण्याचा ठराव संस्थेने केला. लुईस तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

या विजयाला अर्धा विजय म्हणावे की अर्धा पराजय, याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु १९१२ मध्ये लुईस यांनी सौजन्याच्या नावाखाली राजीनामा दिला असता, तर त्या संस्थेला आपला अन्याय उघड ठरावाच्या रूपाने मांडावा लागलाच नसता. अन्याय करणाऱ्यांना नेहमीच असे वाटते की पीडिताने आपणहून उठून जावे, म्हणजे आपल्या हाताला डाग लागणार नाही. लुईस उठले नाहीत. म्हणून डाग कागदावर उमटला, आणि कागदावरचा डाग एकतीस वर्षांनी पुसावाच लागला.

उत्तरायुष्य

१९१३ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षपदी वुड्रो विल्सन आले आणि लुईस यांचा सरकारी कार्यकाल संपला. विल्सन यांच्या राजवटीत तर सरकारी कचेऱ्यांतच वर्णभेदाच्या भिंती उभ्या राहिल्या. लुईस बॉस्टनला परतले आणि पुढील सुमारे छत्तीस वर्षे त्यांनी तेथे वकिली केली. फौजदारी खटल्यांतील वकील म्हणून त्यांचे नाव झाले. १९४१ साली, सत्तरी ओलांडल्यावर, मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नर कौन्सिलचे सदस्य डॅनियल कोकली यांच्यावरील महाभियोगात त्यांच्या बचावाचे काम लुईस यांनी पाहिले. १ जानेवारी १९४९ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे बॉस्टन येथे निधन झाले. त्यानंतर साठ वर्षांनी, २००९ मध्ये, महाविद्यालयीन फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम' या सन्मानमंदिरात त्यांचे नाव समाविष्ट करण्यात आले.

उपसंहार

या चरित्राकडे पाहताना दोनतीन गोष्टी विशेष ध्यानात येतात. पहिली ही की एकट्याच्या कर्तृत्वावर कोणी उभा राहत नाही. लँगस्टन यांनी वाट दाखविली, अ‍ॅमहर्स्टच्या खेळाडूंनी मत दिले, विकरशॅम यांनी पत्रे धाडली. ज्ञातिसंस्था विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतात, वसतिगृहे चालवितात, तेव्हा त्या लँगस्टन यांचेच काम करीत असतात. आणि शिष्यवृत्ती घेऊन मोठ्या झालेल्यांनी पुढे दुसऱ्याच्या अडचणीच्या वेळी पत्र धाडण्याइतके धैर्य दाखविले, तरच त्या कामाचे सार्थक होते.

दुसरी गोष्ट अशी की साहाय्यकाचे पद हे कमी प्रतीचे पद नव्हे. बारा वर्षे दुसऱ्या स्थानी राहून लुईस यांनी जी विद्या शिकविली, तिचा उपयोग आठ प्रमुखांना झाला. प्रत्येक कुटुंबात, कचेरीत, संस्थेत अशी माणसे असतात. आपल्या मंडळांचे अहवाल तयार करताना त्यांची नावे व कामे तपशिलाने लिहून ठेवली पाहिजेत. अन्यथा साठ वर्षांनी सन्मान करू म्हटले तरी कोणाचा करावयाचा, हे कळणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मैदानावर सेंटरचे काम एकच असते: समोरून कितीही भार आला तरी आपली जागा सोडावयाची नाही. लुईस यांनी हे काम दोन हंगाम हार्वर्डसाठी केले, बारा हंगाम इतरांना शिकविले, आणि १९१२ साली वकिलांच्या सभेत स्वतः पुन्हा करून दाखविले. जन्माने नाकारलेली आणि गुणांनी मिळविलेली जागा ही केवळ एका माणसाची नसते. तिच्यावर त्याच्यामागून येणाऱ्यांचाही हक्क असतो, म्हणून ती सोडून देण्याचा अधिकार त्याला एकट्याला नसतो. आपल्या घरातील जी मुले व मुली आज प्रथमच नव्या महाविद्यालयात, नव्या कचेरीत, नव्या मैदानावर पाऊल टाकीत आहेत, त्यांनी ही गोष्ट मनात जपून ठेवावी.